मुळं फुटेपर्यंत

कोकणात पावसाच्या तोंडावर कुंपणं दुरुस्त होतात. मनगटाएवढे जाड, पुरुषभर उंचीचे पांगाऱ्याचे खुंट तोडून आणायचे, पहारीने खड्डा करून त्यात उभे ठोकायचे आणि विसरून जायचं. पाऊस जमिनीत मुरला की त्यांतल्या बहुतेकांना पालवी फुटते. पुढे त्यांच्यावर मिरीचे वेलही चढतात. शेवगा आणि उंदीरमारी, म्हणजे गिरिपुष्प, यांचंही तेच. पण त्याच आवारातल्या हापूसची तेवढीच जाड फांदी त्याच कुंपणात रोवली, तर तिचं सरपण होतं. माती तीच, पाऊस तोच, रोवणारा माणूसही तोच.

घरातल्या कुंडीत हेच घडलं की आपण म्हणतो, अमकीच्या हाताला गुण आहे, तिने काडी खोचली तरी जगते. हातगुणावर माझा विश्वास नाही असं नाही, पण तो नेमका कशात असतो हे सांगता येतं. ज्यांच्या फांद्या जगतात ती माणसं बहुतेक वेळा नकळत एकच गोष्ट नीट करत असतात. मुळं फुटेपर्यंत ती फांदीला वाळू देत नाहीत.

फांदी झाडावरून तोडली त्या क्षणी तिचा पाणीपुरवठा तुटतो. पानांतून पाणी जाणं मात्र थांबत नाही. पानांच्या पाठीवर सूक्ष्म छिद्रं असतात, त्यांतून वाफ होऊन पाणी हवेत जात राहतं. पाणी कमी पडलं की ही छिद्रं मिटतात, तरी गळती पुरती बंद होत नाही. मिळकत थांबली आणि घरखर्च चालू, अशी अवस्था. कापलेल्या टोकातून थोडं पाणी वर चढतं, पण मुळांच्या मानाने ते अगदीच तुटपुंजं. शिवाय कापलेल्या नळ्यांत हवेचे बुडबुडे आणि जिवाणूंची बुळबुळ साचून काही दिवसांत ती वाटही चोंदते. इकडे मुळांना त्यांचा वेळ लागतोच. तुळस आणि कोलियस यांना साधारण आठवडा-दहा दिवस, जास्वंदीला तीन ते पाच आठवडे, बोगनवेलीला दीड-दोन महिने. वाळण्याआधी मुळं आली तर रोप, नाही तर काटकी. छाटकलमाच्या झाडून साऱ्या युक्त्या या शर्यतीतच कुठे ना कुठे बसतात. एक तर त्या वाळणं लांबवतात, नाही तर मुळांना घाई करतात. खत यात कुठेच बसत नाही. शोषायला मुळंच नसताना घातलेल्या खताचे क्षार उलट फांदीच्या जिवावर उठतात.

आता ही मुळं येतात कुठून? जास्वंदीच्या काडीची साल नखाने हलकेच खरवडली, तर साल आणि लाकूड यांच्यामध्ये एक ओलसर, पातळ थर लागतो. कॅम्बियम म्हणतात तो हाच. त्याच्या आसपासच्या पेशी अजून पूर्ण ‘कामाला लागलेल्या’ नसतात. जखम झाली, रसाची वाट तुटली की त्यांतल्या काही पेशी आपला नेहमीचा उद्योग सोडून पुन्हा विभागू लागतात आणि त्यांतून मुळाचा कोंब तयार होतो. ऑस्ट्रियाचे वनस्पतिशास्त्रज्ञ गॉटलिप हाबरलांट यांनी 1902 साली मांडलं, की वनस्पतीच्या एकेका पेशीत अख्खं झाड पुन्हा घडवण्याची क्षमता असावी. आजच्या ऊतिसंवर्धनाचं, म्हणजे जळगावकडच्या केळीच्या ‘टिश्यू कल्चर’ रोपांचंही, मूळ त्या विचारात आहे. बाल्कनीतली फांदी तेच काम प्रयोगशाळेशिवाय करते.

काही झाडांनी हे काम आधीच उरकून ठेवलेलं असतं. उसाचं पेर निरखून पाहा. डोळ्यालगत बारीक ठिपक्यांचा एक पट्टा दिसतो. ते ठिपके म्हणजे झोपलेली मुळं. म्हणून दोन डोळ्यांची टिपरी सरीत दाबून पाणी दिलं की ऊस उगवतो आणि शेतकऱ्याला त्यात नवल वाटत नाही. मनी प्लांटच्या प्रत्येक पेराशी दिसणारा तपकिरी खुंटा म्हणजे हवेत तयार झालेलं मूळच. ते पाण्यात बुडलं की लांबतं, एवढंच. अशा झाडांना शर्यत अर्धी जिंकूनच सुरू करता येते. जास्वंद, गुलाब, अंजीर यांना जखमेनंतर मुळं नव्याने घडवावी लागतात. आंबा त्या पलीकडचा. पूर्ण वाढलेल्या आंब्याची फांदी मूळ धरण्याची ताकद जवळजवळ गमावून बसलेली असते. कोकणात हापूसची कलमं कोयीतून उगवलेल्या कोवळ्या रोपावर बांधतात, त्याचं एक कारण हेच. मुळं एकाची घ्यायची आणि फांदी दुसऱ्याची. वयाचा हा नियम घरातही उपयोगी पडतो. एकाच झाडावर खोडाजवळून जोमाने आलेला यंदाचा फुटवा लवकर मूळ धरतो, तर शेंड्याकडची वर्षानुवर्षं फुलून थकलेली काडी चालढकल करते.

फांदीला शेंडा कुठला आणि बूड कुठलं हे पक्कं ठाऊक असतं. जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान फ्यॉख्टिंग यांनी विलोच्या फांद्यांचे तुकडे दमट हवेत टांगून पाहिले. काही सरळ टांगले, काही उलटे. उलट्या तुकड्यांची बुडं आकाशाकडे होती, तरी मुळं त्या बुडांकडेच आली आणि पालवी शेंड्याकडच्या टोकाला, म्हणजे खाली. 1878 मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं, तेव्हा कारण कुणालाच ठाऊक नव्हतं. ते हळूहळू उलगडत गेलं. चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी 1880 साली दाखवलं, की कोंबाच्या शेंड्यातून खाली कसला तरी संदेश जातो आणि त्यामुळे कोंब उजेडाकडे वळतो. 1928 मध्ये डच शास्त्रज्ञ फ्रिट्स वेंट यांनी ओटच्या कोंबांवर प्रयोग करून तो संदेश म्हणजे एक पदार्थ आहे हे सिद्ध केलं. तोच ऑक्झिन. शेंड्यात आणि कोवळ्या पानांत तो तयार होतो आणि पेशीपेशीतून खाली, बुडाच्या दिशेनेच ढकलला जातो. फांदी तोडली की त्याची वाट कापलेल्या टोकाशी संपते. तिथे तो साचतो, आणि मुळं घडवण्याची पहिली हाक तिथे उठते. म्हणून रोपवाटिकेतली मंडळी जून काड्या कापताना एक टोक सरळ आणि दुसरं तिरकं कापतात. पानं नसलेल्या काडीचं डोकं कुठलं आणि पाय कुठले, हे ढिगात विसरायला होतं.

बाजारातली ‘रूटिंग पावडर’ म्हणजे ऑक्झिनच, पण टिकाऊ रूपातलं. झाडातलं मुख्य ऑक्झिन उजेडात लवकर विघटित होतं. 1935 साली अमेरिकेतल्या बॉइस थॉम्पसन संस्थेतल्या संशोधकांनी दाखवलं, की इंडोल ब्युटिरिक आम्ल नावाचा त्याचा भाऊबंद मुळांसाठी अधिक खात्रीचा आहे. जगभरच्या रोपवाटिका अजून तेच वापरतात. कोवळ्या छाटांसाठी सौम्य आणि जून काड्यांसाठी तीव्र अशी पावडर वेगवेगळी मिळते. वापरण्याची पद्धत साधी आहे. थोडी पावडर वाटीत काढायची, काडीचं ओलं बूड तिच्यात टेकवायचं, जास्तीची झटकायची. डबीत थेट काडी बुडवली की ओल आत जाते आणि डबी वाया जाते. ‘चिमूटभराने एवढं, तर चमचाभराने केवढं’ हा हिशेब इथे उलटा पडतो. शेतात रुंद पानांचं तण मारायला वापरतात ते टू-फोर-डी हेही एक कृत्रिम ऑक्झिनच आहे. मात्रा वाढली की मुळं फुटवणारा हाच पदार्थ झाड मारतो.

पावडर नसेल तर अडत नाही. जास्वंद, तुळस, पुदिना, अडुळसा, मोगरा यांना ती लागतेच असं नाही. तिच्या जागी मध, दालचिनी, कोरफड, हळद सुचवणारे संदेश मोबाईलवर फिरत असतात. दालचिनी बुरशीला थोडी आवरते, हे मान्य. मधाने मूळ फुटतं असं मला वाटत नाही. पाण्यात घातलेला मध जिवाणूंच्या मात्र पथ्यावर पडतो. या उपायांनी जगलेल्या फांद्या बहुधा दमट हवेमुळे जगतात आणि श्रेय डब्यातल्या मसाल्याला जातं. बटाट्यात गुलाबाची काडी खोचून कुंडीत पुरण्याचा व्हिडिओ तर इतका फिरलाय, की त्याच्याविषयी एक वाक्य लिहिणं भाग आहे: बटाट्यात मुळांना लागेल असं काही नसतं, तो कुजतो, आणि कूज काडीत शिरते.

गुलाबाचा मुद्दा निघालाच आहे, तर फुलवाल्याकडून आणलेल्या लांब दांड्याच्या गुलाबाला मुळं फोडायचा नाद सोडावा. ती फांदी शीतगृहात राहिलेली, दिवसचे दिवस पाणी गमावलेली असते. बरेच संकरित गुलाब जरी रुजले, तरी त्यांची स्वतःची मुळं दुबळी असतात. म्हणूनच रोपवाटिकेत जंगली गुलाबाच्या खुंटावर त्यांचा डोळा भरतात. अंगणातला गुलाबी, सुवासिक गावठी गुलाब मात्र जून काडीपासून सहज येतो.

आता प्रत्यक्ष कृती, जास्वंदीची घेऊ. ती बहुतेकांच्या घरी असते, आणि नसेल तर गणपतीच्या आधी कुणाच्या तरी कुंपणावरून फांदी मागायची वेळ येतेच. वेळ पावसाळ्याची उत्तम. हवाच ओली असते, त्यामुळे पानांतली गळती आपोआप मंदावते. कोरड्या मार्च-एप्रिलमध्ये विदर्भ-मराठवाड्यात हाच उद्योग करायचा, तर दुप्पट काळजी घ्यावी लागते.

फांदी सकाळी लवकर घ्यावी. रात्रभरात झाडाने पाणी भरून घेतलेलं असतं. पेन्सिलीएवढी जाड, अगदी हिरवी नको, अगदी करडीही नको. वाकवली तर लवते आणि जास्त वाकवली तर कडकन मोडते, तशी. लांबी बारा-पंधरा सेंटीमीटर. धारदार कात्री किंवा ब्लेड स्पिरिटने पुसून, डोळ्याच्या अगदी खाली काप घ्यावा. बोथट कात्रीने देठ चेचला जातो आणि चेचलेला भाग आधी कुजतो. कळ्या आणि फुलं काढून टाकावीत, मन घट्ट करून. कळी फांदीतली सगळी साठवण स्वतःकडे ओढते. खालची पानं खुडावीत, वरची दोन-तीन ठेवावीत आणि मोठी असतील तर आडवी अर्धी कापावीत. इथे लोक दोन टोकांच्या चुका करतात. कुणी सगळी पानं ठेवतात आणि फांदी चार दिवसांत माना टाकते. कुणी सगळीच काढतात. अशा कोवळ्या फांदीजवळ साठा फारसा नसतो, मुळांना लागणारी साखर आणि ऑक्झिन ही पानंच बनवतात, तेव्हा ती उपाशी मरते. अर्धं पान ही तडजोड आहे. जून लाकडाच्या, पिष्टाने भरलेल्या काड्यांची गोष्ट निराळी. अंजीर, द्राक्ष, बोगनवेल, गावठी गुलाब यांच्या बोडक्या काड्याही चालतात.

माध्यमाला माती लागत नाही. विशेषतः देशावरची काळी माती या कामाला नकोच. ती पाणी धरून बसते आणि तिच्यातली हवा संपते. मुळाच्या कोंबाला श्वासासाठी प्राणवायू हवा असतो. निम्मी धुतलेली जाड नदीची वाळू आणि निम्मं कोकोपीट हे मिश्रण बरं. कोकोपीट आधी दोन-तीनदा पाण्यातून काढून पिळावं, त्यात क्षार असतात. मिश्रण ओलं हवं, चिखल नको. मूठ आवळल्यावर एखाद-दुसरा थेंब निघाला तर पुरे. पेन्सिलीने भोक पाडून फांदी त्यात बसवावी, म्हणजे साल सोलवटत नाही. निदान एक डोळा मिश्रणाखाली गेला पाहिजे.

यानंतरची पायरी सगळ्यात जास्त फरक पाडते आणि तीच बहुतेक जण गाळतात. फांदीवर ओल्या हवेचं छप्पर हवं. दोन लिटरची प्लॅस्टिकची बाटली बूड कापून उपडी घातली की झालं. आत हवा दमट राहते, पानांतून पाणी जायला वाव उरत नाही. झाकण दिवसातून थोडा वेळ उघडून हवा बदलावी, नाहीतर बुरशी धरते. कुंडी भरपूर उजेडाच्या, पण थेट ऊन नसलेल्या जागी ठेवायची. बाटलीखाली ऊन गेलं तर आत भट्टी होते आणि फांदी अक्षरशः शिजते.

पाण्यात मुळं फोडणं सोपं आणि डोळ्यांना सुखाचं. तुळस, पुदिना, मनी प्लांट, कोलियस यांच्यासाठी ते पुरेसंही आहे. पण साचलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो, आणि उन्हाळ्यात पाणी तापलं की आणखी कमी. म्हणून दोन-तीन दिवसांनी पाणी बदलावं आणि बाटली रंगीत किंवा कागद गुंडाळलेली असावी, म्हणजे शेवाळ धरत नाही. पाण्यातली मुळं मातीत सुखाने राहायला तयार झालेली नसतात. ती ठिसूळ असतात, त्यांच्यावर केसमुळं कमी असतात. वितीएवढी होईपर्यंत कौतुकाने पाहत बसलं, तर मातीत गेल्यावर ती दगा देतात. तीन-चार सेंटीमीटरची झाली की हलवावं आणि पहिले आठ दिवस माती जास्त ओली ठेवावी.

मनी प्लांटचं नुसतं पान पाण्यात ठेवलं तरी त्याला मुळं फुटू शकतात. पण वेल कधीच होत नाही, कारण देठाबरोबर डोळा आलेला नसतो आणि कोंब डोळ्यातूनच निघतो. पानफुटीची गोष्ट वेगळी. तिच्या पानाच्या खाचांमध्येच पिल्लं तयार होतात. स्नेक प्लांटच्या पानाचे तुकडेही रुजतात, मात्र सरळ लावले तरच. उलटा लावलेला तुकडा फ्यॉख्टिंगच्या नियमाला धरून हटून बसतो.

वर सांगितलेले बरेच नियम चाफा, शेर, निवडुंग यांच्या बाबतीत उलटे करावे लागतात. ही झाडं पाणी खोडात साठवून असतात, त्यामुळे वाळण्याची भीती कमी आणि कुजण्याची जास्त. चाफ्याची फांदी तोडल्यावर चीक गळू द्यावा, आठवडाभर सावलीत ठेवून काप सुकू द्यावा आणि मग रोवावी. तिच्यावर बाटली घालू नये, पाणीही बेतानेच. पांगाऱ्याच्या खुंटाचंही थोडं असंच आहे. त्याच्या जाड, मऊ खोडात पाणी आणि अन्न दोन्ही भरलेलं असतं, वर पान एकही नसतं. शर्यतीत त्याला घाईच नसते.

काडीला हिरवा कोंब आला, की लोक आनंदाने ती उपटून मोठ्या कुंडीत लावतात आणि आठवड्यात ती मरते. कोंब म्हणजे मुळाची खूण नव्हे. डोळ्याला फुटायला काडीतला साठा पुरतो. मुळं आली नाहीत, तर तोच कोंब शेवटचं पाणी पिऊन काडीला संपवतो. बोगनवेल आणि गुलाब यात हमखास फसवतात. खरी खूण म्हणजे कोंब थांबून पुन्हा वाढू लागणं, नवी पानं दुपारीही ताठ राहणं आणि कुंडीच्या छिद्राशी पांढरं टोक दिसणं. काडी दर दोन दिवसांनी हलवून पाहणाऱ्यांना मुळं कधीच सापडत नाहीत, कारण आलेली केसाएवढी मुळं ते स्वतःच तोडतात. मुळं आल्यावरही बाटली एकदम काढायची नाही. पाच-सहा दिवस थोडी थोडी उचलत न्यायची, म्हणजे पानांना कोरड्या हवेची सवय होते.

रोप तयार झालं की ते मूळ झाडाचं मूल नसतं, तेच झाड असतं. बी नसलेलं थॉम्पसन द्राक्ष बियांतून येणारच नाही, ते जगभर काड्यांतूनच पसरलं. सांगली-सोलापूरकडची तास-ए-गणेश आणि सोनाका ही वाणं थॉम्पसनच्याच वेलींवर दिसलेल्या बदलांतून निवडली गेली आणि मग काड्यांमधून जपली गेली. बोगनवेलीचे कित्येक रंग असेच एखाद्या फांदीने अचानक बदललेले आहेत. स्नेक प्लांटमध्ये याची गंमत उलटी दिसते. पानाच्या पिवळ्या कडा आणि हिरवा गाभा हे दोन वेगळ्या पेशींचे थर असतात. पानाच्या तुकड्यातून नवं रोप आलं की पिवळी कड नाहीशी होते आणि सगळं पान हिरवं निघतं. कड टिकवायची, तर बुडाशी आलेलं पिल्लूच तोडून लावावं लागतं.

फांदीतून झाड पुढे नेण्याची सगळ्यात प्रसिद्ध कथा बोधिवृक्षाची. ‘महावंस’ या पाली ग्रंथानुसार अशोकाची मुलगी संघमित्रा हिने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात बोधगयेच्या पिंपळाची फांदी श्रीलंकेला नेली. अनुराधपुरातला पिंपळ तो, असं मानतात. नागपूरच्या दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष त्याच अनुराधपुराच्या झाडाच्या, भदन्त आनंद कौसल्यायन यांनी आणलेल्या फांद्यांमधून वाढवला.

झाड जसंच्या तसं येतं, म्हणजे त्याचं दुखणंही तसंच येतं. डाळिंबावरचा तेल्या रोग रोगट बागेतून घेतलेल्या कलमांबरोबर नव्या बागेत पोहोचतो, हे महाराष्ट्रातल्या बागायतदारांनी सोसून अनुभवलंय. घरच्या जास्वंदीवर तेवढं मोठं संकट नाही, पण पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण फांदीच्या बेचक्यात दडून हमखास येतो आणि मग शेजारच्या कुंड्यांत पसरतो. फांदी घरी आणली की आधी बेचक्या आणि पानांच्या पाठी बघाव्यात, सौम्य साबणाच्या पाण्याने पुसून स्वच्छ धुवाव्यात. पानांवर पिवळे-हिरवे चट्टे असलेल्या, वेड्यावाकड्या वाढलेल्या झाडाची फांदी घेऊच नये. ते विषाणूचं लक्षण असू शकतं आणि तो साबणाने जात नाही.